माजी सैनिक, सहकार आणि सरकारी ठेका

(रत्नागिरी येथे माजी सैनिक आणि सहकारी चळवळीतील कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दापोलीला जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांची छावणी तेथून हलली. पण पेन्शनीत निघालेल्या सैनिकांची वस्ती मागे राहिली. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच दापोलीत येऊन राहिले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ येथे गेला. गोपाळबाबा वलंगकर हेही दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त सैनिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली, तेव्हा भरतीचे दार पुन्हा उघडावे म्हणून वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जामागचा प्रश्न साधा होता. ज्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे राज्यसंस्थेने वापरून घेतली, त्यांच्याविषयी व त्यांच्या मुलाबाळांविषयी त्या राज्यसंस्थेचे काही उत्तरदायित्व आहे की नाही?

राज्य बदलले, प्रश्न राहिला. भारतीय सेनेतील जवान सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. ज्या वयात सरकारी कारकुनाची नोकरी निम्मीही संपलेली नसते, त्या वयात सैनिक ‘माजी’ होतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, घराचे काम अर्धवट असते. कोकणातील तुकड्यातुकड्यांची जमीन आणि पाच-पंचवीस कलमे यांवर घर चालत नाही, हे मनिऑर्डरीवर वाढलेल्या या जिल्ह्याला सांगावयास नको. निवृत्तिवेतन हा आधार आहे. ते पूर्ण उपजीविका नव्हे. म्हणूनच दुसऱ्या नोकरीचा प्रश्न माजी सैनिकाच्या बाबतीत हौसेचा नसून गरजेचा असतो.

या गरजेवर स्वतंत्र भारताने काढलेला पहिला उपाय म्हणजे सरकारी नोकरीतील राखीव जागा. केंद्रात ‘क’ वर्गाच्या पदांत १० टक्के, महाराष्ट्रात ‘क’ व ‘ड’ वर्गांच्या पदांत १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखून ठेवण्याचे धोरण आहे. कागदावर ही तरतूद उदार आहे. परंतु राखीव जागा ही पदाला चिकटलेली असते. पद असेल तर आरक्षण. पदच नसेल तर आरक्षण कशाचे? गेल्या तीन दशकांत शिपाई, पहारेकरी, वाहनचालक, सफाई कामगार ही पदे एकामागून एक रिकामी ठेवली गेली आणि तेथील काम ठेक्याने बाहेर दिले गेले. कामे उरली, पदे गेली. पदाबरोबर अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण गेले, तसेच सैनिकाचेही गेले. कोणताही कायदा रद्द न करता, विधिमंडळात एक शब्दही न उच्चारता हक्क नाहीसा करण्याची ही पद्धत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्याविरुद्ध राज्यभर असंतोष उसळला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, परंतु ज्या आर्थिक विचारातून तो आला तो विचार गेला नाही. वेतनाचा खर्च ‘आस्थापना’ या सदरातून काढून ‘सेवाखरेदी’ या सदरात टाकला की राज्यसंस्था सडपातळ दिसते. मग त्या सेवेतला माणूस हा खरेदीची वस्तू ठरतो आणि जो कमी भाव सांगेल त्याच्याकडून ती वस्तू घेतली जाते.

या पार्श्वभूमीवर माजी सैनिकांना सांगितले जाते की, पद देता येत नाही, पण ठेका देता येईल. संस्था काढा, नोंदणी करा आणि काम घ्या. हा प्रस्ताव तिरस्काराने झिडकारण्याजोगा नाही, तसा तो भोळेपणाने स्वीकारण्याजोगाही नाही. त्याची नीट तपासणी झाली पाहिजे.

आज अशा कामाचे तीन प्रकार दिसतात. पहिला, केंद्राच्या पुनर्वास महानिदेशालयाकडे नोंदलेल्या सुरक्षा संस्थांचा. सार्वजनिक उपक्रमांना पहारेकरी पुरविणाऱ्या या संस्थांचे वेतनदर महानिदेशालय ठरवून देते, त्यावर १४ टक्के सेवाशुल्क मिळते आणि रक्षकांत माजी सैनिकांचाच भरणा असावा असा दंडक आहे. दर ठरलेला असल्यामुळे मजुरी कापून निविदा जिंकण्याचा मार्ग येथे बंद होतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु संस्थेचा मालक बहुधा निवृत्त अधिकारी असतो आणि पहाऱ्यावर निवृत्त जवान असतो. छावणीतील चढउतार गणवेश उतरल्यानंतरही तसाच राहतो. फरक इतकाच की पूर्वी वरच्याला अधिकार होता, आता अधिकाराबरोबर नफाही आहे.

दुसरा प्रकार सरकारी महामंडळाचा. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजेच ‘मेस्को’, २००२ साली स्थापन झाले. पुण्याहून त्याचा कारभार चालतो आणि सरकारी कार्यालये, रुग्णालये, वीज कंपन्या यांना ते सुरक्षारक्षक पुरविते. येथे खाजगी मालक नाही, ही जमेची बाजू लहान नव्हे. पण हे महामंडळ सरकारच्या मालकीची कंपनी आहे. पहाऱ्यावर उभा असलेला माणूस तिचा सभासद नाही आणि तो सरकारी कर्मचारीही नाही.

तिसरा प्रकार माजी सैनिकांनी स्वतः चालविलेल्या सहकारी व सेवाभावी संस्थांचा. विचाराने हा सर्वांत चांगला आणि व्यवहारात सर्वांत दुबळा. तो दुबळा का, हे समजून घेण्यासाठी निविदेचे गणित मांडून पाहावे लागते.

एका सुरक्षारक्षकाचा खर्च कसा होतो? किमान वेतन कायद्याने ठरलेले आहे. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा, राज्य विमा लागू असल्यास त्याचा ३.२५ टक्के वाटा, बोनस, उपदान, रजेचा पगार आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उभा राहणारा बदली रक्षक हे सारे खर्च कायद्याचेच आहेत. म्हणजे प्रामाणिक निविदेत कमी-जास्त होण्यासारखी एकच बाब उरते, ती म्हणजे सेवाशुल्क. आता एखादा ठेकेदार जवळजवळ शून्य सेवाशुल्काने निविदा भरतो. तो धर्मादाय वृत्तीचा आहे काय? त्याचा नफा कोठून तरी यावयाचाच. तो आठ तासांच्या पाळीऐवजी बारा तासांची पाळी लावून येतो. बदली रक्षक न ठेवता हजेरीपटावर मात्र दाखवून येतो. बँकेत जमा केलेल्या पगारातील काही रक्कम रोखीने परत मागून येतो. किंवा निर्वाह निधीत न भरलेल्या पैशातून येतो. निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला हे गणित कळत नाही, असे मानणे त्याच्या बुद्धीचा अपमान होईल. ‘सर्वांत कमी दर’ या शब्दांच्या आड उभे राहणे त्याच्या सोयीचे असते, एवढेच.

अशा स्पर्धेत सभासदांना पूर्ण मजुरी देणारी सहकारी संस्था टिकणार कशी? त्यातही निविदेच्या अटी असतात. मागील तीन वर्षांची अमुक कोटींची उलाढाल दाखवा, इतक्या रक्षकांचा अनुभव दाखवा, बयाणा रक्कम भरा, बँकेची हमी द्या. नव्या संस्थेजवळ अनुभव नसतो, कारण काम नसते; आणि काम मिळत नाही, कारण अनुभव नसतो. काम मिळालेच तर बिलाची वाट पाहणे सुरू होते. पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि सरकारी बिल चार-सहा महिने लोंबकळते. शंभर रक्षकांच्या संस्थेला चार महिन्यांचा पगार आगाऊ घालता येईल इतके भांडवल निवृत्त जवानांनी कोठून आणावे? पैसा असलेला ठेकेदार तो घालतो. म्हणजे त्याची खरी सेवा पहाऱ्याची नसतेच. सरकारच्या दिरंगाईला पैसा पुरविणे हा त्याचा धंदा असतो.

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या इतिहासात एक उत्तर आहे. १९४७ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू केली. तोवर जंगलतोडीचे कूप लिलावाने ठेकेदार घेत आणि आदिवासी त्यांच्याकडे वेठीने राबत. सरकारने लिलाव बाजूला ठेवून कूप थेट आदिवासींच्या संस्थांना द्यावयास आरंभ केला. सेवाभावी मंडळे या संस्थांची पुरस्कर्ती म्हणून उभी राहिली. हिशेब लिहावयाचे, खात्याशी पत्रव्यवहार करावयाचा, सभासदांना कारभार शिकवावयाचा, हे काम त्यांनी पत्करले. ठाणे जिल्ह्यात या संस्थांनी ठेकेदारीचा कणा पुष्कळ अंशी मोडला. पुढे काही ठिकाणी जुनाच ठेकेदार मागच्या दाराने आत आला आणि नाव आदिवासींचे, व्यवहार त्याचा, असे झाले, हेही खरे. तरी योजनेने एक गोष्ट सिद्ध केली. दुर्बल माणसाला लिलावात उतरवून नंतर त्याला सवलत देण्यापेक्षा लिलावच टाळणे अधिक न्याय्य आणि अधिक व्यवहार्य असते.

मागच्या दाराचा धडा अलीकडच्या काळातही मिळाला आहे. अंगणवाडीच्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, गावातील महिला मंडळे व बचत गट यांना काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बजावले. परिणाम काय झाला? महाराष्ट्रात २०१६ साली निघालेल्या निविदेच्या अटीच अशा होत्या की लहान बचत गटांना त्या पार करणे अशक्य व्हावे. अखेर २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला ती निविदा रद्द करावी लागली. उद्या ‘माजी सैनिकांच्या संस्थांना प्राधान्य’ असा निर्णय निघाला, तर चार निवृत्त सुभेदारांच्या सह्या घेऊन संस्था नोंदविणारे ठेकेदार परवाच तयार होतील, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.

बाहेरच्या देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? अमेरिकेत १९३८ साली एक कायदा झाला. सरकारी कचेऱ्यांना लागणारे झाडू व पोछे अंधांना काम देणाऱ्या सेवाभावी संस्थांकडूनच घ्यावेत, असा तो दंडक. १९७१ साली इतर तीव्र अपंगांच्या संस्थांनाही तो लागू झाला. अट अशी की, एकूण श्रमाचे ७५ टक्के तास अंध वा अपंग कामगारांचेच असले पाहिजेत. पण याच व्यवस्थेत अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा दीर्घकाळ होती. या कामांपुरती ती २०२२ साली बंद झाली. सेवा करणारी संस्थाही शोषण करू शकते, हे त्यावरून ध्यानात यावे. त्याच देशात सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या उद्योगांकडून केंद्र सरकारने किती खरेदी करावी याचे लक्ष्य १९९९ मध्ये ३ टक्के ठरले आणि २०२४ पासून ते ५ टक्के झाले. येथे कसोटी मालकीची आहे. मालक माजी सैनिक असला की पुरे, कामगार कोण आणि त्याला काय मिळते हे त्या कसोटीत येत नाही. उलट इटलीने १९९१ च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचा एक वर्ग मान्य केला. किमान ३० टक्के कामगार वंचित गटातील असतील अशा संस्थेला नगरपालिका ठराविक मर्यादेपर्यंत थेट काम देऊ शकते. येथे कसोटी श्रमाची आणि सभासदत्वाची आहे. आपल्याला यातून घ्यावयाचे ते हे की ‘माजी सैनिकांची संस्था’ म्हणजे काय, याची व्याख्या नामफलकावर होता कामा नये. काम कोण करतो, मालक कोण, निर्णय कोण घेतो आणि शिल्लक कोणाकडे जाते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ती झाली पाहिजे.

महाराष्ट्राच्या कामगार चळवळीने तर याहून पुढचे पाऊल पूर्वीच टाकले होते. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. मालक, कामगार व सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे. मालकाने वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने पगार, निर्वाह निधी, बोनस, रजा यांची व्यवस्था करावयाची. मधला माणूस वगळूनही कामाचे वाटप करता येते, हे या कायद्याने दाखविले. दुर्दैवाने त्याच कायद्यात सूट देण्याची तरतूद आहे आणि सूट मिळविणाऱ्या संस्थांची रांग कधी संपली नाही. माजी सैनिकांच्या संस्थांनी स्वतःला या रक्षकांचे प्रतिस्पर्धी समजू नये. एक निवृत्त जवान कमी दराने उभा राहिला की नोंदणीकृत रक्षकाची मजुरी खाली येते, आणि तोही खाली आला की पुन्हा जवानाची. निवृत्तिवेतन हातात आहे म्हणून कमी मजुरीत काम करणे हा त्याग नव्हे. ते ठेकेदाराला दिलेले अनुदान होय, आणि ते देशाच्या तिजोरीतून दिलेले असते.

तेव्हा मागणी कोणती असावी? पहिली मागणी पदांचीच. कायम स्वरूपाचे काम कायम पदावर व्हावे आणि त्या पदांतील माजी सैनिकांचा वाटा प्रत्यक्ष भरला जावा. सहकारी ठेका हा या मागणीला पर्याय म्हणून कधीही स्वीकारू नये.

दुसरी, जेथे काम बाहेर द्यावयाचेच आहे तेथे रक्षकाचा दर व सेवाशुल्क दोन्ही आधी ठरवून द्यावीत आणि निवड दरावर न करता हजेरी, निर्वाह निधीचा भरणा व सभासदांची लोकशाही यांच्या तपासणीवर करावी. तिसरी, जिल्हा पातळीवरील लहान कामे जिल्ह्यातील नोंदणीकृत श्रमिक संस्थांना निविदेविना वाटून द्यावीत. मजूर सहकारी संस्थांना बांधकामातील कामे वाटून देण्याची रीत महाराष्ट्रात आहेच. ती सेवांच्या कामांना लावणे अवघड नाही. चौथी मागणी पैशाची. लघुउद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने बिल ४५ दिवसांत फेडण्याचे व उशीर झाल्यास व्याज देण्याचे बंधन घातले आहे. सहकारी संस्थेनेही ती नोंदणी करून घ्यावी आणि व्याज मागण्यास कचरू नये. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २५ टक्के वाटा आणि बयाणा रकमेतून सूट आहे, तीही वापरावी. शिवाय ठेकेदाराने पगार थकविला तर मूळ मालकाने तो द्यावा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यातील तत्त्व नव्या संहितेतही टिकले आहे. ते प्रत्येक रक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक विचार रत्नागिरीपुरता. माजी सैनिक म्हणजे पहारेकरी, हे समीकरण कोणी घातले? सेनेतून परतणाऱ्यांत संदेशयंत्रणा चालविणारे, अवजड वाहने हाकणारे, यंत्रे दुरुस्त करणारे, पूल बांधणारे, जखमींची शुश्रूषा करणारे, भांडारांचे हिशेब ठेवणारे असतात. त्या सर्वांना काठी देऊन दाराशी उभे करणे हा समाजाच्या साधनसंपत्तीचा अपव्यय होय. जुलै २०१९ मध्ये तिवरे धरण फुटले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड उद्ध्वस्त केले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले. तीन वर्षांत तीन आपत्ती आलेल्या या जिल्ह्याला पावसाळ्यापूर्वीची पाहणी, होड्यांची व संदेशयंत्रांची देखभाल, गावोगावच्या तरुणांचे प्रशिक्षण ही कामे वर्षभर हवी आहेत. तालुकावार माजी सैनिकांच्या सहकारी संस्थांना ती कामे वार्षिक कराराने देता येतील. त्यात वीरपत्नींना आणि सेवेत अपंगत्व आलेल्यांना भांडार, नोंदी व संपर्ककेंद्र यांची कामे सन्मानाने करता येतील. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जखमी सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी मुंबईत निघालेली आणि पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था शंभर वर्षांनंतरही आपल्यासमोर आहे. अपंग सैनिकाला काम शिकविता येते. प्रश्न त्याला काम देणाऱ्यांच्या इच्छेचा आहे.

हा विषय आजच हाती घ्यावयाचे एक तातडीचे कारण आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारांतला एकच सेनेत राहील. उरलेले तिघे सुमारे पावणेबारा लाखांची रक्कम घेऊन आणि निवृत्तिवेतनाविना घरी येतील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. पंचविशीतले, कवायतीत तरबेज, हाती कायमचा आधार नसलेले हे तरुण ठेकेदाराला हवे तसेच आहेत. त्यांच्यासाठी सहकारी संस्थांची दारे आधीच उघडी नसतील, तर ते बारा तासांच्या पाळीत जातील आणि त्यांच्याबरोबर पेन्शनर जवानाची मजुरीही खाली जाईल. म्हणून संस्थांनी आपल्या पोटनियमांत त्यांना सभासदत्वाचा हक्क आताच लिहून ठेवावा.

वलंगकरांनी अर्ज केला तेव्हा मागणी करणारा प्रजाजन होता आणि ऐकणारा परका सम्राट. आज मागणारा नागरिक आहे आणि ज्याच्याकडे मागावयाचे ते राज्य त्याचेच आहे. अर्जाची भाषा आता पुरेशी नाही. प्रत्येक तालुक्यात संस्था उभी करावी, आपापल्या तालुक्यातील सरकारी कचेऱ्यांत बाहेर दिलेली कामे किती, कोणाला, कोणत्या दराने दिली याची माहिती माहिती अधिकाराखाली मागवावी, आणि त्या कागदांच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांपुढे बसावे. सीमेवर ज्याने नकाशा वाचला आहे त्याला निविदेचा कागद वाचणे जड जाऊ नये.